नागरी स्वशासन, अमेरिकेतील

नगराचा कारभार कोणत्या स्वरूपाच्या शासनयंत्रणेने चालवावा, कोणते कर बसवावेत व कोणत्या सेवा पुरवाव्यात, याचा निर्णय घटक राज्याच्या विधिमंडळाच्या पूर्वसंमतीवाचून करण्याचा त्या नगरातील नागरिकांचा अधिकार म्हणजे नागरी स्वशासन होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या अधिकारास ‘होम रूल’ अशी संज्ञा रूढ आहे. ही संज्ञा मूळची आयर्लंडच्या राजकीय चळवळीतील असून भारतात ती १९१६ मध्ये लोकमान्य टिळक व ॲनी बेझंट यांनी स्थापन केलेल्या होम रूल लीगमुळे परिचित झाली. आयर्लंडात व भारतात तिचा रोख परकीय सत्तेकडे होता. अमेरिकेत मात्र तो नगरवासियांनी स्वतः मत देऊन निवडलेल्या राज्य विधिमंडळाकडे होता. लोकनियुक्त विधिमंडळापासून लोकनियुक्त नगरशासनाचे रक्षण करावे लागावे, यातच या प्रश्नाचे वैशिष्ट्य व त्याची गुंतागुंत आहे.

सांविधानिक पार्श्वभूमी : अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानात नगरांचा कोठेही उल्लेख नाही. १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने संघराज्याकडे न सोपविलेले अधिकार घटक राज्यांकडे अथवा जनतेकडे राखून ठेवले आणि नगरशासनाचा विषय ओघानेच राज्यांच्या कक्षेत गेला. वसाहतकाळात न्यूयॉर्कसारख्या नगरांना राजाच्या नावाने गव्हर्नरांकडून सनदा मिळत. स्वातंत्र्यानंतर सनद देण्याचा हा अधिकार विधिमंडळांनी आपल्याकडे घेतला. डार्टमथ महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८१९ मध्ये खाजगी निगमाची सनद ही एक संविदा असून राज्याला ती एकतर्फी बदलता येत नाही, असा निर्णय दिला. सार्वजनिक निगमांना मात्र हे संरक्षण मिळाले नाही. परिणामतः एखाद्या व्यापारी कंपनीची सनद न्यायालयाच्या आश्रयाने सुरक्षित राहिली, तर लाखो लोकवस्तीच्या नगराची सनद विधिमंडळाच्या एका बैठकीत बदलता येऊ लागली.

विशेष कायद्यांचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कारखानदारी, रेल्वे व परदेशांतून येणारे स्थलांतरित यांमुळे नगरे झपाट्याने वाढली. पाणीपुरवठा, भुयारी गटारे, फरसबंदी, दिवाबत्ती व पोलीस यांवरील खर्चाबरोबर कंत्राटे व नोकऱ्या वाटण्याची सत्ताही वाढली. विधिमंडळात ग्रामीण प्रतिनिधींचे वर्चस्व असे व पुष्कळदा राज्यात एका पक्षाची, तर नगरात दुसऱ्या पक्षाची सत्ता असे. अशा वेळी एकाच नगराला लागू होणारा विशेष कायदा करून तेथील सत्ता काढून घेणे हा विधिमंडळाच्या हातचा सोपा उपाय होता.

न्यूयॉर्क राज्याच्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने १८५७ मध्ये न्यूयॉर्क शहराचे पोलीस दल डेमोक्रॅटिक महापौर फर्नांडो वुड यांच्या हातून काढून राज्यनियुक्त आयुक्तमंडळाकडे सोपविले. वुड यांनी आपले जुने दल बरखास्त करण्यास नकार दिला. काही आठवडे शहरात दोन पोलीस दले होती व जूनमध्ये नगरभवनाच्या पायऱ्यांवर त्यांची आपसांत मारामारी झाली. अखेर राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने नवा कायदा वैध ठरविला. मिसूरी राज्यात १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर, दक्षिणेशी सहानुभूती असलेल्या राज्यपालाच्या पक्षाने संघराज्यनिष्ठ सेंट लूइस शहराचे पोलीस दल राज्याच्या ताब्यात घेतले. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १८७० मध्ये फिलाडेल्फियाच्या नगरभवनासाठी एक आयोग नेमला. त्याच्या सभासदांची नावे कायद्यातच घातली होती, रिकाम्या जागा आयोगाने स्वतःच भरावयाच्या होत्या आणि खर्चासाठी लागणारा कर मात्र नगराने बसवावयाचा होता. हे बांधकाम १९०१ पर्यंत चालले.

नगरशासनही निष्कलंक नव्हते. न्यूयॉर्कमधील विल्यम ट्वीड यांच्या टोळीने सार्वजनिक बांधकामांत अफाट पैसा हडप केला व १८७१ मध्ये ती उघडकीस आली. विशेष म्हणजे शहराला पुष्कळ अधिकार परत देणारी १८७० ची सनद ट्वीड यांनीच विधिमंडळात लाच चारून मंजूर करून घेतली होती. त्यामुळे स्थानिक सत्ता म्हणजे शुद्ध सत्ता, असे समीकरण त्या काळच्या सुधारकांनाही मांडता येईना.

डिलन व कूली यांचे सिद्धांत : नगरांच्या कायदेशीर स्थानाविषयी दोन परस्परविरोधी सिद्धांत याच काळात मांडले गेले. आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन डिलन यांच्यापुढे १८६८ मध्ये क्लिंटन शहर व एक रेल्वे कंपनी यांच्यातील वाद आला. राज्याच्या कायद्याने कंपनीला शहरातील रस्त्यांवरून रूळ टाकण्याची मुभा दिली होती आणि शहराचा त्याला विरोध होता. नगर हे विधिमंडळाचे अपत्य असून ज्याने ते निर्माण केले त्याला ते नष्टही करता येते, या भूमिकेवरून डिलन यांनी शहराचा दावा फेटाळला. त्यांच्या १८७२ च्या नगरनिगमविषयक ग्रंथाने या मताला देशभर प्रतिष्ठा मिळवून दिली. ‘डिलनचा नियम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मतानुसार नगराला तीनच प्रकारचे अधिकार असतात : स्पष्ट शब्दांत दिलेले, त्यांतून अपरिहार्यपणे निष्पन्न होणारे आणि निगमाच्या घोषित उद्दिष्टांसाठी अत्यावश्यक असलेले. अधिकाराविषयी वाजवी शंका उद्भवल्यास तो नाही असेच मानावयाचे. रेल्वे कंपन्यांना आकृष्ट करण्यासाठी कर्जरोखे काढून बुडीत गेलेल्या नगरांचा अनुभव या कठोर नियमाच्या मागे होता.

याच्या उलट मिशिगनचे न्यायाधीश टॉमस कूली यांनी १८७१ मध्ये डिट्रॉइटच्या सार्वजनिक बांधकाम मंडळासंबंधीच्या खटल्यात स्थानिक स्वशासन हा जनतेचा मूलभूत हक्क असल्याचे प्रतिपादन केले. नगराच्या मालमत्तेचा कारभार पाहणारे कायम अधिकारी राज्याने परस्पर नेमणे हे संविधानाच्या आशयाशी विसंगत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. थोड्या राज्यांनी काही काळ हे मत स्वीकारले. परंतु अंतिमतः डिलन यांचाच पक्ष प्रबळ ठरला.

त्याचा व्यवहारातील अर्थ दोन घटनांवरून स्पष्ट होतो. टेनेसी राज्यातील मेंफिस शहर कर्जात बुडाले होते व १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत तेथील पाच हजारांहून अधिक लोक मरण पावले. पुढील वर्षी तेथील पुढाऱ्यांच्याच पुढाकाराने विधिमंडळाने शहराची सनद रद्द करून त्याचे रूपांतर एका ‘कर-जिल्ह्या’त केले. धनकोंचा तगादा टळला, पण नगर म्हणून असलेले अस्तित्वही संपले. स्वशासनाचे अधिकार मेंफिसला १८९३ मध्ये परत मिळाले. दुसरी घटना पेनसिल्व्हेनियातील ॲलेगेनी या शहराची. ते लगतच्या पिट्सबर्गमध्ये विलीन करण्यासाठी १९०६ मध्ये मतदान झाले. ॲलेगेनीच्या मतदारांनी बहुमताने विरोध केला, परंतु कायद्यानुसार दोन्ही शहरांची मते एकत्र मोजावयाची असल्याने मोठ्या शहराची इच्छा सिद्धीस गेली. १९०७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे विलीनीकरण कायम केले. राज्य हवे तेव्हा नगराच्या सीमा बदलू शकते, त्याची मालमत्ता घेऊ शकते वा त्याचे अस्तित्वही संपवू शकते आणि संघीय संविधान त्याच्या आड येत नाही, हा या निर्णयाचा निष्कर्ष होय.

विशेष कायद्यांवरील बंदी व पळवाटा : संघीय न्यायालयाकडून संरक्षण मिळण्याची शक्यता मावळल्याने नगरांच्या कैवाऱ्यांनी घटक राज्यांच्या संविधानांकडे मोर्चा वळविला. एकट्यादुकट्या नगरासाठी कायदा करण्यास बंदी घालून सर्वांना सारखा लागू होणारा सर्वसाधारण कायदाच करावा, असे बंधन विधिमंडळावर घालणे हा पहिला उपाय होता. ओहायओच्या १८५१ च्या संविधानात अशी तरतूद होती. तेथील विधिमंडळाने तिच्यातून पळवाट शोधली. लोकसंख्येनुसार नगरांचे वर्ग व वर्गांच्या श्रेणी पाडण्यात आल्या आणि त्या इतक्या बारीक होत गेल्या, की पहिल्या वर्गाच्या पहिल्या श्रेणीत एकटे सिनसिनॅटी, दुसरीत एकटे क्लीव्हलँड व तिसरीत एकटे टोलीडो उरले. कायद्यात शहराचे नाव नसे; श्रेणीचे नाव असे. ओहायओच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०२ मध्ये ही वर्गवारी घटनाबाह्य ठरविली, तेव्हा राज्यातील नगरशासनांचा कायदेशीर पायाच निखळला व विधिमंडळाला नवी नगरसंहिता करावी लागली.

स्वसनदेचा अधिकार : दुसरा व अधिक परिणामकारक उपाय म्हणजे सनद तयार करण्याचा अधिकारच नगराला देणे. याचा आरंभ मिसूरी राज्याने १८७५ च्या संविधानात केला. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या नगरांना स्वतःची सनद रचण्याची मुभा मिळाली. त्या वेळी या अटीत बसणारे राज्यातील एकमेव शहर सेंट लूइस होते. तेथील मतदारांनी तेरा जमीनधारक नागरिकांचे मंडळ निवडले आणि त्याने रचलेली सनद १८७६ मध्ये लोकमताने मान्य झाली. कॅलिफोर्नियाने १८७९ मध्ये हेच तत्त्व स्वीकारले. मात्र तेथे सनदेला विधिमंडळाची संमती आवश्यक होती. पुढे वॉशिंग्टन (१८८९), मिनेसोटा (१८९६), कोलोरॅडो (१९०२), ऑरेगन (१९०६), ओक्लाहोमा (१९०७) व मिशिगन (१९०८) यांनी तशा तरतुदी केल्या. १९१२ या एकाच वर्षी ओहायओ, टेक्सस, नेब्रॅस्का व ॲरिझोना ही राज्ये त्यांत सामील झाली. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल म्युनिसिपल लीगचा प्रचार व कोलंबिया विद्यापीठातील फ्रँक गुडनाउ यांचे लेखन यांचा या चळवळीला मोठा आधार होता.

स्वसनदेमुळे नगरशासनात नवे प्रयोग शक्य झाले. ओहायओतील डेटन शहराने १९१३ च्या महापुरानंतर स्वसनदेच्या आधारे परिषद-व्यवस्थापक पद्धत स्वीकारली. निवडून आलेल्या परिषदेने धोरण ठरवावे आणि तिने नेमलेल्या प्रशिक्षित व्यवस्थापकाने कारभार करावा, ही या पद्धतीची रूपरेषा असून पुढे ती शेकडो नगरांत पसरली.

या स्वातंत्र्याची किंमतही काही ठिकाणी मोजावी लागली. सेंट लूइसने १८७६ मध्ये ग्रामीण भागाचा भार नको म्हणून स्वतःला परगण्यापासून वेगळे करून आपल्या सीमा कायमच्या आखून घेतल्या. विसाव्या शतकात वस्ती व उद्योग त्या सीमांबाहेर गेले, तेव्हा शहराला विस्ताराची वाट उरली नाही. त्याची लोकसंख्या १९५० मध्ये ८,५६,७९६ होती; २०२० मध्ये ती ३,०१,५७८ इतकी राहिली. शिवाय स्वसनद मिळूनही शहराचे पोलीस दल राज्याच्याच ताब्यात राहिले. १८६१ चा हा ताबा राज्यव्यापी मतदानानंतर २०१३ मध्ये संपुष्टात आला आणि २०२५ च्या कायद्याने तो पुन्हा प्रस्थापित झाला.

न्यायालयीन अर्थनिर्णय : बहुतेक राज्यांच्या संविधानांत ‘नागरी बाबी’ नगरांकडे व ‘राज्यव्यापी हिताच्या बाबी’ विधिमंडळाकडे, अशी विभागणी आहे. या दोहोंची सीमारेषा आखण्याचे काम न्यायालयांवर आले. न्यूयॉर्क राज्याने १९२३ मध्ये नगरांना संविधानाने स्वशासन दिले होते. तरीही १९२९ मध्ये केवळ न्यूयॉर्क शहरालाच लागू पडेल असा बहुकुटुंबीय इमारतींचा कायदा विधिमंडळाने केला. इमारतींतील उजेड, हवा, आग व आरोग्य यांविषयीच्या तरतुदी साऱ्या राज्याच्या हिताच्या आहेत, असे म्हणून अपील न्यायालयाने तो वैध ठरविला. भाडेकरूंच्या दृष्टीने कायदा हितकारक होता. परंतु जवळजवळ प्रत्येक नागरी प्रश्नात राज्यव्यापी हित शोधता येते, हेही या निर्णयाने दाखवून दिले.

ही अडचण टाळण्यासाठी जेफर्सन फोर्डम यांनी १९५३ मध्ये वेगळी योजना सुचविली. नगराला विधिमंडळाइतकेच व्यापक अधिकार असावेत. विधिमंडळाला हवे असल्यास त्याने ते स्पष्ट कायद्याने काढून घ्यावेत. यामुळे डिलनचा नियम उलटा झाला आणि अधिकार नाही हे दाखविण्याची जबाबदारी राज्यावर आली. इलिनॉयच्या १९७० च्या संविधानाने याच धर्तीवर २५,००० हून अधिक लोकसंख्येच्या नगरांना आपोआप स्वशासन दिले. योजनेत न्यायालयाचा लहरीपणा कमी झाला. पण नगराचे भवितव्य पुन्हा विधिमंडळाच्या संयमावर अवलंबून राहिले.

स्वशासनाच्या मर्यादा : राज्याचा प्रत्येक हस्तक्षेप अनिष्ट किंवा नगराचा प्रत्येक निर्णय न्याय्य, असे इतिहासावरून म्हणता येत नाही. बॉल्टिमोर शहराने १९१० मध्ये कृष्णवर्णीयांची व श्वेतवर्णीयांची वस्ती वेगळी राखणारा उपविधी केला. लूइव्हिल शहराचा तशाच प्रकारचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. पुढे उपनगरांनी भूवापराच्या नियमांचा वापर करून लहान व स्वस्त घरांना बंदी घातली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या माउंट लॉरेल खटल्यात अशा नियमांवर बोट ठेवून अल्प उत्पन्न गटांच्या घरांची जबाबदारी नगरांवर टाकली. उलट ॲलाबॅमाच्या विधिमंडळाने १९५७ मध्ये टस्कीगी शहराच्या चौरस सीमेचे अठ्ठावीस बाजूंच्या वेड्यावाकड्या आकृतीत रूपांतर करून जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय मतदारांना शहराबाहेर टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ही सीमा घटनाबाह्य ठरविली. नगराच्या सीमा बदलण्याचा राज्याचा अधिकार मतदानाच्या हक्कापुढे थांबतो, असे त्यामुळे निश्चित झाले.

आर्थिक परावलंबन : सनद असूनही उत्पन्नाची साधने नसतील, तर स्वशासन नाममात्र राहते. कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९७८ मध्ये मालमत्ता करावर मर्यादा घातली व त्यानंतर तेथील नगरांचे राज्यावरील अवलंबन वाढले. न्यूयॉर्क शहर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या कड्यावर आले, तेव्हा राज्याने वित्तीय नियंत्रण मंडळ नेमले. मिशिगनमध्ये याहून पुढचे पाऊल पडले. २०११ च्या कायद्याने अडचणीतील नगरांवर आणीबाणी व्यवस्थापक नेमून महापौर व परिषद यांचे अधिकार त्याच्याकडे देण्यात आले. मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये हा कायदा फेटाळला. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने नवा कायदा केला आणि त्यात खर्चाची तरतूद जोडल्याने तो लोकमताच्या कक्षेबाहेर राहिला.

फ्लिंट शहरात या व्यवस्थेचा परिणाम घातक ठरला. राज्यनियुक्त व्यवस्थापकाच्या राजवटीत, खर्च वाचविण्यासाठी, एप्रिल २०१४ पासून शहराला फ्लिंट नदीचे पाणी देण्यात आले. नळ गंजू नयेत म्हणून पाण्यात मिसळावयाची द्रव्ये मिसळली गेली नाहीत व जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले. मार्च २०१५ मध्ये नगर परिषदेने पुन्हा डिट्रॉइटचे पाणी घेण्याचा ठराव सात विरुद्ध एक मतांनी केला. व्यवस्थापकाने तो अमान्य केला आणि जुना पुरवठा ऑक्टोबरमध्ये पूर्ववत झाला. परिषदेचा ठराव बंधनकारक असता, तर शहरातील मुलांनी शिसेयुक्त पाणी पिण्याचा काळ कित्येक महिन्यांनी कमी झाला असता.

अलीकडील प्रवृत्ती : एकविसाव्या शतकात विधिमंडळे एखादा विषयच नगरांच्या कक्षेतून काढून घेऊ लागली आहेत. टेक्ससमधील डेंटन शहराच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये हद्दीतील खडक फोडून तेल व वायू काढण्यास बंदी घातली. मे २०१५ मध्ये राज्याने कायदा करून अशा बंद्या निष्प्रभ केल्या. ॲलाबॅमातील बर्मिंगहॅमने २०१६ मध्ये किमान वेतन वाढविले, तेव्हा विधिमंडळाने नगरांना तो अधिकारच नाकारला. सेंट लूइसमध्ये २०१७ साली ताशी दहा डॉलरवर गेलेले किमान वेतन राज्याच्या कायद्याने त्याच वर्षी ७·७० डॉलरवर आले. टेक्ससच्या २०२३ च्या कायद्याने शेती, व्यापार, श्रम, मालमत्ता अशा विस्तृत क्षेत्रांत राज्याच्या कायद्यापलीकडे जाणारे उपविधी करण्यास नगरांना मनाई केली आणि ह्यूस्टनने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली.

हे सर्व कायदे शब्दशः सर्वसाधारण आहेत. त्यांत कोणत्याही एका नगराचे नाव नाही. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी विशेष कायदा हा रोग व सर्वसाधारण कायदा हे त्यावरील औषध मानले होते. आज स्वशासनाचा संकोच त्या औषधाच्याच वाटेने होत असल्यामुळे जुन्या सांविधानिक तरतुदी येथे अपुऱ्या पडतात.

भारतीय संदर्भ : भारतातही स्थानिक शासन हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहे. मुंबई महानगरपालिका १८८८ च्या प्रांतिक कायद्यावर उभी आहे आणि तिचा आयुक्त राज्य शासन नेमते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ रोजी अंमलात आली, नगरपालिकांना सांविधानिक दर्जा, पाच वर्षांची मुदत व बाराव्या अनुसूचीतील अठरा विषय दिले. परंतु हे विषय प्रत्यक्ष सोपविणे विधिमंडळाच्या इच्छेवर राहिले व स्वतःची सनद रचण्याचा अधिकार कोणत्याही भारतीय नगराला मिळाला नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे राज्यनियुक्त प्रशासकाचा कारभार होता. अमेरिकेतील नगराचे अस्तित्व राज्य संपवू शकते, पण त्याची सनद नागरिक लिहू शकतात. भारतातील नगराचे अस्तित्व संविधानाने मान्य केले आहे, पण त्याची सनद विधिमंडळच लिहिते.

मूल्यमापन : दीडशे वर्षांच्या अनुभवावरून असे दिसते, की सनदेतील शब्द स्वशासनाला पुरेसे संरक्षण देत नाहीत. कराची स्वतंत्र साधने, नगराचा अधिकार गृहीत धरणारी न्यायालये आणि अधिकार काढून घेताना विधिमंडळाला उघडपणे व विशेष बहुमताने तसे करण्यास भाग पाडणारी तरतूद, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तेथेच ते टिकते. तसेच नगराने आपल्या सत्तेचा उपयोग दुर्बलांना वेशीबाहेर ठेवण्यासाठी केल्यास राज्याचा हस्तक्षेप समर्थनीय ठरतो, ही मर्यादाही मान्य करावी लागते. निर्णयाचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात त्यांच्या हाती निर्णय असावा, हे या चळवळीचे मूळ सूत्र होय. फ्लिंटच्या अनुभवाने त्याची प्रचीती दिली आहे.